साडेसोळा हजार किलोमीटर

गुरुवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी वारेमामांच्या दारावर थाप पडली. वेळ त्यांच्या लक्षात राहिली, कारण नऊचं विमान तेव्हाच डोक्यावरून जात होतं आणि मामा मान वर करून आवाजावरून त्याच्या वजनाचा अंदाज बांधत होते. निवृत्त होऊन अकरा महिने झाले, तरी ही खोड सुटली नव्हती.

दारात खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या. त्या पडदे शिवून द्यायच्या. मोजपट्टी गळ्यात तशीच, सुया बाहीला टोचलेल्या तशाच, आणि हातात एक पाकीट.

"या, बसा ना ताई."

"बसत नाही. बसले तर रडेन." त्यांनी पाकीट पुढं केलं. "माझी लेक मेलेली आहे, मामा. आणि हे तिचं कालच आलेलं पत्र."

मामांनी पाकीट हातात घेतलं. बोलायला त्यांना पटकन सुचत नसे. चौतीस वर्षं विमानतळावरच्या एका बंद खोलीत बसून त्यांनी विमानांचे मार्ग आखले होते. वारं कुठं आडवं येतं, कुठून वळसा घ्यायचा, इंधन किती भरायचं, हे सगळं आधी एक माणूस कागदावर ठरवतो याचा प्रवाशांना पत्ताही नसतो. त्या माणसाला माणसांशी फारसं बोलावं लागत नाही. वारेमामा हे नाव ऑफिसातल्या लोकांनी दिलं, ते घरापर्यंत चिकटत आलं.

"मेली असं कोण म्हणतं?"

"कुणी नाही. मीच म्हणते. शिवणयंत्र थांबवलं ना, की पलीकडच्या खोलीत टकटक ऐकू येते. तिच्या टाइपरायटरसारखी. मी उठून जाते. खोलीत कुणी नसतं, टाइपरायटरवर कापड घातलेलं असतं." आजींनी नाक पुसलं. "म्हातारीला भास होतात म्हणाल. म्हणा. पण पत्र वाचा."

पत्र टाइप केलेलं होतं. आजींची लेक टायपिस्ट. तिचं हस्ताक्षर तिलाच लागत नसे, म्हणून वाण्याची यादीसुद्धा ती टाइप करायची. गेल्या वर्षी तिला दूरच्या शहरात दोन वर्षांची नोकरी लागली आणि ती विमानानं निघून गेली. मागं नवरा आणि सहा वर्षांची मुलगी, बिट्टी. महिन्याला एक पत्र यायचं. हे अकरावं. त्यात चारच ओळी होत्या.

'मी आता परत येणार नाही. इथं माझं वेगळं आयुष्य सुरू झालं आहे. बिट्टीला माझी वाट पाहायला लावू नका. मला शोधू नका.'

"जावई काय म्हणतात?"

"तो काय म्हणणार! रात्रभर खिडकीत उभा होता. सोमवारी पोरीला वसतिगृहाच्या शाळेत टाकतोय. 'आई सोडून गेली हे तिला सांगून टाकू, एकदाच काय ते रडेल' म्हणतो." आजींनी बाहीतली सुई काढली आणि पुन्हा टोचली. "मामा, आई मेली तर पोर आईला जपून ठेवते. आईनं टाकलं तर पोर स्वतःलाच बोल लावत मोठी होते. यातलं खरं काय, तेवढं मला सोमवारच्या आत कळलं पाहिजे."

"पण मी काय करणार? पोलिसांकडे..."

"पोलिस म्हणतात, बाई नांदत नाही हा गुन्हा नाही. तुम्ही विमानातले. ती विमानानं गेली. दुसरं कोण आहे मला विचारायला?"

सगळी पत्रं मामांच्या टेबलावर ठेवून आजी गेल्या.

मामांनी पहिलं पत्र उघडलं. प्रवासाचं.

'बिट्टी, तुझी आई सुखरूप पोचली. नऊला निघालो आणि बरोबर चौदा तास पंचवीस मिनिटांनी, इथल्या दुपारी बारा पंचवीसला उतरलो. एक मिनिट इकडं नाही की तिकडं. खिडकीतून तासन् तास निळा समुद्रच दिसत होता. मग संध्याकाळ झाली, अंधार पडला, आणि अंधारात मला तुझी फार आठवण आली. आता मी तुझ्यापासून साडेसोळा हजार किलोमीटर दूर आहे.'

मामांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. अंगावर बारीक काटा आला. का आला ते त्यांना सांगता आलं नसतं. आकडे चुकले की त्यांना नेहमी असंच व्हायचं.

कपाटात त्यांच्या वह्या होत्या. नियमाप्रमाणे असल्या वह्या घरी आणायच्या नसतात, पण या त्यांच्या खाजगी होत्या. रोज आखलेला मार्ग, वारं, वजन, प्रवासी. नोकरीच्या अखेरच्या महिन्यातला तो गुरुवार सापडायला वेळ लागला नाही. त्या शहराला आठवड्यातून एकच विमान जायचं.

त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'समोरून जोराचं वारं. नेहमीपेक्षा वर उत्तरेकडून नेलं. हवेत पंधरा तास चाळीस मिनिटं. प्रवासी अपेक्षित दोनशे बारा. चढले दोनशे अकरा.'

एक जण आला नव्हता. वजनाचा हिशेब बदलावा लागला म्हणून मामांनी तो आकडा लाल शाईनं खोडला होता. अकरा महिन्यांपूर्वी त्या खोडण्याला त्यांच्या लेखी सत्तर किलोंपलीकडे अर्थ नव्हता.

ते बराच वेळ त्या लाल रेघेवर बोट ठेवून बसले.

*

जावयाचं चष्म्याचं दुकान चौकात होतं. काचेच्या कपाटांतून शेकडो रिकाम्या फ्रेमा बाहेर बघत होत्या. मामांना उगाच वाटलं, आपल्याला कुणीतरी न्याहाळतं आहे.

"सासूबाईंनी पाठवलं?" चष्मेवाल्यानं हातातलं भिंग खाली ठेवलं. दाढी दोन दिवसांची, डोळे तांबडे. "विचारा. जावयाची उलटतपासणी एवढंच राहिलं होतं."

"रागावू नका. विमानतळावर तिला सोडायला तुम्ही गेला होता?"

"नाही. आदल्या रात्रीपासून बिट्टी तापानं फणफणली होती. पहाटे साडेपाचला ट्रॅव्हल ऑफिसची गाडी आली. ही त्याच ऑफिसात टायपिस्ट होती ना, आठ वर्षं. तिकडची नोकरीही त्यांच्याच शाखेतली."

"गाडी कोण चालवत होतं?"

"दिसलं नाही. धुकं होतं, काचांवर वाफ धरली होती. मी पोरीला कडेवर घेऊन दारातून हात केला. तिनं मागची काच आतून पुसली आणि हात हलवला. तेवढाच हात दिसला." त्यानं भिंग पुन्हा उचललं. "मागं बसवलं होतं तिला."

"पत्रं कशी येतात?"

"ऑफिसच्या पिशवीतून. विमानाचे लोक पिशवी आणतात, ऑफिसात देतात. मी तिथून आणतो, माझं उत्तर तिथंच देतो. टपालाला तीन आठवडे लागतात."

"फोन?"

"तिच्या खोलीवर नाही म्हणे."

मामांनी कपाटाच्या काचेत स्वतःचा चेहरा पाहिला. पुढचा प्रश्न विचारायची त्यांना भीती वाटत होती. "तुम्ही स्वतः कधी गेला आहात तिकडं?"

"एकदा. लग्नाआधी, भिंगं घासायचं काम शिकायला. असेच मोठे दिवस होते तेव्हा, आणि विमान हेच, नऊचं. चौदा तास डोळ्याला डोळा लागला नाही. पडदा बोटभर सरकवला की खाली पांढरं बर्फ आणि डोळ्यांत ऊन. दुपार म्हणून संपेचना!" क्षणभर तो हसला, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडल्यासारखा भिंग घासायला लागला. "झालं? संशय फिटला की वाढला?"

"अजून कळत नाही," मामा म्हणाले. ते पुरतं खरं नव्हतं.

*

ट्रॅव्हल ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. आत एकच माणूस. त्याच्या मागं भिंतभर जगाचा नकाशा, गावोगावी टाचण्या आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत ताणलेले रंगीत दोरे. प्रत्येक दोऱ्याखाली सुबक अक्षरातली एक चिठ्ठी. या नकाशामुळं बिट्टी त्याला दोरेकाका म्हणायची. खिडकीजवळ एक टेबल रिकामं होतं. त्यावर कापड घातलेला टाइपरायटर.

"बसा, आजोबा. कुठं जायचं?" माणूस पन्नाशीचा, नीटनेटका, मृदू बोलणारा. डावं मनगट किंचित वाकडं होतं.

मामांनी दूरच्या शहराचं नाव घेतलं.

"गुरुवारी सकाळी नऊ. दुपारी बारा पंचवीसला पोचाल, तिथल्या वेळेनं. चौदा तास पंचवीस मिनिटं." पुस्तक उघडावं लागलं नाही.

"सगळं तोंडपाठ?"

"सत्तावीस वर्षं हेच करतोय. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. लोक म्हणतात, काका, तुम्हीच जगभर हिंडला असाल."

"हिंडला असालच."

"छे हो! मी जमिनीवरचा माणूस. शिडी चढलो तरी पोटात गोळा येतो."

मामांनी नकाशाकडं पाहिलं. दूरच्या शहराकडं लाल दोरा गेला होता. सरळ, ताठ, निळ्या रंगावरून. खाली चिठ्ठी: '१४ तास २५ मिनिटं. १६,५०० किमी.'

"ते मनगटाला काय झालं?"

"गेल्या साली जिन्यावरून पडलो."

"आणि ऑफिसची गाडी? विमानतळावर सोडायला गाडी देता ना तुम्ही?"

"द्यायचो. चोरीला गेली. जुनाट होती, मालकांनी तक्रार नको म्हटलं. मालक परगावी असतात." त्याचा आवाज तितकाच मृदू होता. "ड्रायव्हर होता, तोही मग दुसरीकडं लागला."

मामा विचारात पडले की त्यांची पेन्सिल वाजायची. आताही वाजली, काउंटरच्या काचेवर. टक. टक. टक.

दोरेकाकांचा हात झडप घालून पेन्सिलीवर पडला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"काच वाजवू नका." मग त्यांनी हात मागं घेतला, हसायचा प्रयत्न केला. "माफ करा. डोकं दुखतंय."

खिडकीजवळच्या टेबलावरचं कापड वाऱ्यानं हललं. दोघांनीही तिकडं पाहिलं.

दुपारी मामा विमानतळाकडं जाणाऱ्या बसनं, त्या पहाटेच्या गाडीचा रस्ता न्याहाळत निघाले आणि वाटेतल्या तलावाच्या वळणावर उतरले. तिथं रस्त्याकडेला दगडी खुंट होते, पांढरे रंगवलेले. सलग दोन नव्हते. त्यांच्या जागी खड्डे होते, आणि खड्ड्यांत गवत उगवलं होतं; वर्षभरात उगवतं तेवढं. खाली पाणी. काळं, सपाट, त्यावर एक तरंग नाही. मामा काठावर फार वेळ थांबले नाहीत. आपल्याला कुणीतरी खालून बघतं आहे असं वाटू लागलं, तेव्हा ते पुढची बस यायच्या आधीच चालत निघाले.

*

शुक्रवारी सकाळी अकराला सगळे ट्रॅव्हल ऑफिसात जमले. आजी आल्या. दुकान बंद करून चष्मेवाला आला. बाकावर साध्या कपड्यांतल्या एक बाई बसल्या होत्या; त्या पोलिस अधिकारी आहेत हे मामांनी सगळ्यांना सांगितलं. दोरेकाका काउंटरमागं उभे होते.

"मला चारचौघांत बोलायची सवय नाही," मामा म्हणाले. "मध्ये अडखळलो तर थांबा. आधी एक गोष्ट. ताई, तुमची लेक त्या विमानात चढलीच नाही."

आजींनी डोळे मिटले. जावई ओरडला, "काय बोलताय? पत्रं आलीत!"

"ती पत्रं तिनं लिहिली नाहीत. त्या दिवशीचा मार्ग मी आखला होता. विमानाला पंधरा तास चाळीस मिनिटं लागली. सव्वा तास उशीर. आत बसलेल्या माणसाला तो चुकणार नाही, पाय आखडतात हो. पत्रात मात्र चौदा तास पंचवीस मिनिटं, छापील वेळापत्रकातली."

"वेळ चुकू शकते," दोरेकाका हळूच म्हणाले. "माणूस अंदाजानं लिहितो."

"बरोबर आहे. म्हणून पुढचं बघा. पत्रात तासन् तास समुद्र आहे. हा दोरा बघा, तोही समुद्रावरूनच जातो. पण पृथ्वी चेंडूसारखी आहे आणि हा नकाशा कागदाचा. चेंडूवर दोरा ताणून बघा. जवळची वाट वर उत्तरेकडून, बर्फावरून जाते. पत्रात संध्याकाळ होते, अंधार पडतो. ती निघाली तेव्हासारखे दिवस मोठे असताना या वाटेवर अंधार पडतच नाही. सूर्य सोबत चालतो. अंधार पडला तो या खोलीत, संध्याकाळी. लिहिणाऱ्यानं इथल्या घड्याळानं रात्र केली."

मामांनी नकाशावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"आणि साडेसोळा हजार किलोमीटर. ते विमान तासाला साधारण आठशे साठ जातं. चौदा तास पंचवीस मिनिटांत साडेबारा हजारांच्या आत. साडेसोळा हजाराला एकोणीस तास लागतील. हा आकडा कुठल्याच वैमानिकाला माहीत नाही. तो फक्त त्या चिठ्ठीवर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलेला."

"ती चिठ्ठी मीही वाचलीय," चष्मेवाला म्हणाला. "शंभरदा. म्हणजे मीही लिहू शकतो. तेच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"काल सकाळी तेच वाटलं होतं. पण तुम्ही त्या विमानात बसला आहात. तुम्ही खोटं पत्र रचलं असतं, तर त्यात बर्फ आलं असतं, डोळ्यांत जाणारं ऊन आलं असतं."

चष्मेवाल्याचा हात तोंडाशी गेला. "मला खटकलं होतं," तो पुटपुटला. "अंधार कुठला, म्हटलं. वाटलं, हिनं खिडकीबाहेर पाहिलंच नसेल. माझ्यासाठी मन लावून दोन ओळीही लिहाव्याशा वाटल्या नसतील. त्याच दिवसापासून मी तिच्यावर रुसलो होतो."

"वेळापत्रक तोंडपाठ, आणि विमानात पाय ठेवलेला नाही, असा माणूस इथं एकच आहे," मामा म्हणाले. "पत्रं याच पिशवीतून यायची, पण पिशवी उघडताना कुणी पाहायचं नाही. ड्रायव्हरला मी काल भेटलो. त्या पहाटे तो आलाच नव्हता, त्याच्या घरी आजारपण होतं. गाडीची तक्रार नको असं मालक कधी म्हणालेच नव्हते, हे बाईंनी विचारून घेतलंय. मनगट गेल्या सालीच मोडलं. तलावाच्या वळणावरचे दोन खुंट नाहीत." ते दोरेकाकांकडं वळले. "पण काच वाजली तेव्हा तुम्ही जे घाबरलात, त्याचं कारण मला कळलं नाही. ते तुम्हीच सांगा."

दोरेकाकांनी रिकाम्या टेबलाकडं पाहिलं.

"मला गाडी नीट येत नव्हती," ते शेवटी म्हणाले. "परवानाही नव्हता. पण तिचं विमान चुकलं असतं. सत्तावीस वर्षांत माझ्या एकाही प्रवाशाचं विमान चुकलेलं नाही. वळणावर धुकं होतं. पाण्यात गेल्यावर मी खिडकीतून निसटलो. मागच्या दाराची कडी अडकायची, तिला माहीत होतं, मला माहीत होतं. काठाला लागलो तेव्हा छप्पर अजून दिसत होतं. आतून काच वाजत होती."

"किती वेळ?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी पोहू शकतो," दोरेकाका म्हणाले. प्रश्न त्यांनी ऐकलाच नव्हता. "पण पाय उचलले नाहीत. मग वाजायचं थांबलं. मी तिथंच झुडपात बसून राहिलो. नऊला तिचं विमान डोक्यावरून गेलं आणि मनात आलं, ती त्यात आहे असंच सगळ्यांना वाटणार. तिकडच्या शाखेला तार केली, बाई येत नाहीत. तिसऱ्या दिवशी हे आले. विचारलं, पोचली का? मी म्हटलं, पोचली. एकदा पोचली म्हटल्यावर पत्र येणं भाग होतं."

"आणि शेवटचं पत्र?" आजी प्रथमच बोलल्या.

"हे तिकिटं काढायला आले. बापलेकीची, सुट्टीत भेटायला जायला. त्यांना मी कुणाकडं पाठवणार होतो? वाटलं, तिचा राग येऊ दे. राग आला की माणूस विसरतो."

आजी काउंटरपाशी गेल्या. आवाज चढवला नाही.

"बुडाली ती चुकीनं बुडाली असती, तर मी तुला माफही केलं असतं रे. पण तू तिला पोरीच्या मनातूनही बुडवायला निघालास."

अधिकारी बाईंनी काउंटरचा खण उघडायला लावला. आत चष्मेवाल्याची सगळी उत्तरं होती, एकही न फोडलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली. काही पाकिटांवर बिट्टीनं रंगीत खडूनं फुलं काढली होती.

*

शनिवारी दुपारी तलावातून गाडी वर काढली. चष्मेवाला तिथं होता. आजी गेल्या नाहीत. "मला तिथं काही बघायचं नाही, मला घरी काम आहे," म्हणाल्या. मामा त्यांच्या दारात उभे राहिले, कारण आजींनीच तसं सांगितलं होतं; एकटीनं जमणार नाही म्हणाल्या होत्या.

बिट्टी जमिनीवर पालथी पडून चिंध्यांचे चौकोन जुळवत होती. वसतिगृहात न्यायची पेटी भिंतीशी उघडी होती.

"बिट्टे, इकडं ये. मांडीवर बस."

"मी मोठी झाले."

"असू दे. बस." आजींनी तिला जवळ ओढलं. "तुझी आई विमानानं गेलीच नाही. विमानतळावर जाताना गाडी तलावात पडली. ती त्याच दिवशी गेली, बाळा. मेली. ती पत्रं दुसऱ्याच माणसानं लिहिली होती. खोटी."

बिट्टीनं आजीच्या तोंडाकडं पाहिलं. मग दारातल्या मामांकडं, हे खरं का, अशा नजरेनं. मामांनी मान हलवली.

"सगळी?"

"सगळी."

"मी नको असं म्हणालेलं पण?"

"तुला कुणी सांगितलं ते?"

"बाबा खिडकीत पुटपुटत वाचत होते. मी जागी होते."

"तेही खोटं. ती तुला तापात सोडून निघाली होती, आणि पाय निघत नव्हता तिचा. तीनदा परत येऊन तुझं कपाळ पाहिलं. मी होते तिथं."

बिट्टीनं पेटीकडं पाहिलं. तीन दिवस ती फार शहाण्यासारखी वागत होती; स्वतःचे कपडे स्वतः पेटीत भरत होती, जेवताना काही मागत नव्हती. आता तिचा खालचा ओठ हलला. तिनं आजीच्या कुशीत तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं. लहान मुलं आईसाठी रडतात तशी, मोठ्यानं, पाय झाडत, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

आजींनी तिला गप्प केलं नाही. पायानंच पेटीचं झाकण लोटून बंद केलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.